पालथी पानं

वहिनी बाटली आणायला शेजारच्या खोलीत गेल्या आणि तेवढ्या वेळात मी त्यांची सगळी पानं सरळ करून ठेवली.

सरळ म्हणजे मला जी सरळ वाटली ती. त्या थंडगार खोलीत फळ्यांवर पारदर्शक झाकणांचे चपटे डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक डब्यात ओल्या कागदावर टोमॅटोची पानं, आणि झाडून सगळी तोंडावर पडलेली. हिरवागार चेहरा खाली, फिकट, शिरा उठलेली पाठ वर. त्यावर आणखी पाण्याचे थेंब सांडलेले. मला वाटलं, कोणीतरी घाईघाईत काम उरकलंय. आमच्या वहिनी इतक्या टापटिपीच्या, आणि त्यांच्या खोलीत कोणी हे दिवे लावावेत! मी खिशातला धुवट रुमाल काढला, एकेक झाकण उघडलं, एकेक थेंब हलक्या हाताने टिपला आणि पान उताणं ठेवलं. चांगलं काम करताना माणसाला शीळ घालावीशी वाटते. मी घातली. शेवटच्या डब्याशी आलो तेव्हा तर शिळेला जरा तानही जोडली.

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात बाटली. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, मग रुमालाकडे, मग माझ्याकडे. शीळ माझ्या ओठांवरच वाळली.

"बाहेर," वहिनी म्हणाल्या.

पानं मुद्दाम पालथी ठेवली होती. पान श्वास घेतं ते पाठीकडून, तिथेच त्याची बारीक बारीक छिद्रं असतात आणि करप्याचा रोग आत शिरतो तो बहुतेक त्याच बाजूने. थेंब पाण्याचे नव्हते. पाण्यात करप्याचे बीजाणू कालवून, ते गार जागी ठेवून, त्यातून पोहणारे सूक्ष्म जीव बाहेर पडले याची खात्री करून, मग प्रत्येक पानाच्या पाठीवर मोजून एक थेंब ठेवला होता. कोणतं वाण रोगाला बळी पडतं आणि कोणतं तोंड देतं, याची ती परीक्षा होती. मी सगळ्या परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिका पुसून टाकल्या होत्या. शिवाय एकाच रुमालाने पुसल्यामुळे कोणाचा रोग कोणाला लागला हे आता खुद्द रोगालाही सांगता आलं नसतं.

रुमाल वाफेच्या भांड्यात गेला. सदराही गेला. माझे हात स्पिरिटने कोपरापर्यंत धुतले गेले. मी वहिनींच्या संशोधन केंद्राचा पांढरा डगला घालून बसने घरी आलो. वाटेत शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मला डॉक्टर समजून स्वतःच्या गुडघ्याची कहाणी ऐकवली. मी म्हटलं, चालत राहा. मला दुसरं काही सुचेना, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सल्ला देण्याची माझी लायकी तेवढीच होती.

मी तिथे गेलोच का होतो, तर मी एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला चार खुसखुशीत गोष्टी लिहितो. विषय संपले की घरच्यांवर येतो. मी दादाच्या मागे लागलो, दादा वहिनींच्या मागे लागला. वहिनींनी त्यांच्या साहेबांना सांगितलं, "घरचा माणूस आहे. कशाला हात लावणार नाही." वहिनींचा शब्द म्हणजे केंद्रात शिक्क्यासारखा. त्या शब्दावर मी रुमाल फिरवला.

वहिनी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तो प्रसंग मला नीट आठवतो. दादाने ओळख करून दिली आणि स्वतः घाबरून खुर्चीच्या कडेवर बसला. आई भाजी चिरत होती. तिने कौतुकाने विचारलं, "काय काम करता म्हणे तुम्ही?"

"टोमॅटोला रोग लावते," वहिनी म्हणाल्या.

आईच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला. तिने तो हळूच पदराआड घेतला. दादा घाईघाईने म्हणाला, "अगं आई, म्हणजे रोगावर संशोधन गं."

"संशोधन साहेब करतात," वहिनी म्हणाल्या. "मी लावते."

झालं. दादाने वर्षभर मनात घोटलेलं 'माझी होणारी बायको शास्त्रज्ञ आहे' हे वाक्य तिथेच निकालात निघालं. पण आईला ही सून का कोण जाणे आवडली. पुढे ती शेजारणींना सांगायची, "आमची सून बोलायला लागली की दोन शब्दांत संपते. घरात कशी शांतता असते."

रोग लावणं हे काम किती नाजूक असतं, हे मला हळूहळू कळत गेलं. एखाद्या रोगाची फवारणी करायची असते, पण फवारा असा की पानावर दव पडल्यासारखं वाटावं आणि ओघळ एकही येऊ नये. काही रोग असे मानी की नुसत्या फवाऱ्याला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी पानावर अगदी बारीक पूड भुरभुरायची आणि रोगट पानाचा रस बोटाने हलकेच चोळायचा. आई पोराच्या कानामागे साबण लावते तसं. जोर जास्त झाला तर पान फाटतं, कमी झाला तर रोग दाराबाहेरच ताटकळतो. काहींसाठी बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीला टेकवून दाबायची, मग आत पाणी पसरतं आणि ओल्या डागासारखी गडद पट्टी उमटते. आमच्या घरी कोणाच्याही अंगावर पुरळ उठलं की वहिनी आधी ते बोटाने चाचपतात आणि मग डॉक्टरकडे जा म्हणतात. दादा म्हणतो, लग्नाआधी तिने माझा हात हातात घेतला तो इतका हलका होता की मला वाटलं ही आता पूड भुरभुरणार.

मी एकदा म्हटलं होतं, "वहिनी, आम्ही सगळे जगाला बरं करायच्या मागे. तुम्ही एकट्याच आजारी पाडता."

"रोग हलका लावला तर सगळीच वाणं शहाणी ठरतात," त्या म्हणाल्या. "मग शेतात मरतात."

तर आता त्या दिवसाकडे येतो, कारण पान उलटणं एवढ्यावर ते प्रकरण थांबलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. त्या डब्यांत केंद्रातली पुष्कळ वाणं होती, पण त्यातलं एक जाळीकाकांचं होतं.

जाळीकाका म्हणजे केंद्रातल्या जाळीघराचे राखणदार, माळी, सुईण, सगळं काही. बारीक जाळीने चारी बाजूंनी झाकलेल्या त्या घरात ते फुलाचा पराग काढून दुसऱ्या फुलाला लावत आणि नवीन वाणं जन्माला घालत. उभी नोकरी त्यांनी यात घालवली होती. वहिनी नोकरीला नव्या असताना पान कसं धरायचं ते काकांनी शिकवलं होतं, देठाला धर, गालाला धरू नकोस. त्यांची बहुतेक वाणं साहेबांच्या नावावर बाहेर पडली होती. त्याचं त्यांना काही नव्हतं. पण शेवटी शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक वाण केलं. त्याला केंद्रात आकडा होता, काका मात्र त्याला 'धाकटी' म्हणत. धाकटीला आज पाणी जास्त झालं. धाकटीने काल पहिलं फळ धरलं. नव्याने आलेला माणूस विचारी, काकांना मुली किती?

आता काका निवृत्त होणार होते. निवड समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. करप्याच्या परीक्षेत जी टिकतील ती वाणं पुढे चालू राहणार, बाकीची उपटून बी नष्ट करणार. केंद्रातलं बी बाहेर न्यायची परवानगी कोणालाच नसते, जाळीकाकांनाही नाही. म्हणजे धाकटी राहिली तर इथेच, नाहीतर कुठेच नाही.

हे सगळं वहिनींनी मला सांगितलं नाही. दादाने सांगितलं, तेही जेवताना, आणि वहिनी समोर बसून वरणात मीठ घालून घेत होत्या.

"मग आता?" मी विचारलं.

"नवी पानं घ्यायची. उद्या सकाळी लावली तर बैठकीपर्यंत निकाल येतो," वहिनी म्हणाल्या.

"मग प्रश्न कुठे आहे? पानं काय, झाडाला येतातच."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. नंतर दादाने समजावलं. पान कुठलंही चालत नाही. वरून ठरावीक जागचं, पुरतं उघडलेलं, ना कोवळं ना जून. काकांनी असली सगळी उत्तम पानं पहिल्या वेळी दिली होती. आता पुन्हा काढायची म्हणजे बियांसाठी राखलेल्या झाडांची काढायची. पानं गेली की फळ उन्हात उघडं पडतं, बी भरत नाही. "आणि खरी गंमत पुढेच आहे," दादा म्हणाला, "काका पानं द्यायला नाही म्हणताहेत."

"का?"

"त्यांचा विश्वासच बसत नाहीये."

"कशावर?"

दादाने बिचाऱ्याने नजर चुकवली. "तुझ्यावर."

झालं होतं असं. वहिनींनी दुपारीच काकांना जाऊन जसं घडलं तसं सांगितलं. घरचा माणूस आणला, चूक माझी, त्याने थेंब पुसले आणि पानं उलटली. काका ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "पोरी, तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आज बोलतेस तर कारण असेल. धाकटी नापास झाली ना? म्हाताऱ्याला निरोपाच्या तोंडावर कशाला दुखवा, म्हणून हे रचलंस. रुमालाने थेंब पुसणारा माणूस जगात असतो का गं?"

म्हणजे आता परिस्थिती अशी होती की मी खराच एवढा मूर्ख आहे हे सिद्ध झाल्याशिवाय धाकटीला दुसरी संधी मिळणार नव्हती. आयुष्यात मी अनेकदा शहाणपण सिद्ध करायला गेलो आणि तोंडावर पडलो. हे काम तरी सोपं असेल असं मला वाटलं.

सकाळी वहिनींबरोबर मी केंद्रात गेलो. जाळीघराच्या दाराशी वहिनी थांबल्या आणि मलाही त्यांनी हाताने थांबवलं. रोगाच्या खोलीत जाणाऱ्याने जाळीघरात पाऊल टाकायचं नाही, हा तिथला नियम. कपड्यावर, केसात, कुठेही एखादा बीजाणू चिकटून येतो आणि निरोगी झाडांचं वाटोळं करतो. त्यामुळे वहिनींनी इतक्या वर्षांत धाकटीला कधी जवळून पाहिलंही नव्हतं, फक्त तिची पानं पाहिली होती. मी तर आदल्या दिवशी रोगात न्हालेलो. तेव्हा आम्ही दोघं जाळीच्या बाहेर आणि काका आत, लांबच्या टोकाला, झाडं सुतळीने बांधताहेत. जे काही बोलायचं ते ओरडून बोलायचं होतं. आत आणखी चार-पाच बायका-माणसं काम करत होती. त्यांचे हात चालूच होते, पण कान आमच्याकडे वळले होते.

"काका!" मी घसा साफ करून सुरुवात केली. "काल त्या खोलीमध्ये, म्हणजे, माझ्याकडून एक छोटासा गैरसमज झाला. काही पानांची मांडणी अनवधानाने बदलली गेली!"

काका सुतळी तोंडात धरून म्हणाले, "तुम्ही पेपरात लिहिता ना?"

"हो!"

"मग तुम्हाला जुळवून बोलायला काय लागतं!"

एक बाई खुदकन हसली. मी पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला मी त्यात थोडा विनोद घातला, कारण माझा अनुभव असा की माणूस हसला की विश्वास ठेवतो. काका हसले नाहीत. उलट वहिनींना म्हणाले, "पोरी, घरच्या माणसाला कशाला वेठीला धरलंस? चांगला बोलतो बिचारा. पण इतकं घोटून कोणी खरं सांगत नाही."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी वर्षं मी वाक्यं घासूनपुसून लिहीत आलो, त्या सगळ्या घासण्याचं फळ असं की एक साधी खरी गोष्ट मला कोणाला पटवता येईना. वहिनी हळूच म्हणाल्या, "जसं झालं तसं सांगा."

"सांगितलं की."

"नाही सांगितलंत."

मग मी सांगितलं. जाळीला तोंड लावून, आवाज चढवून. "काका! मला वाटलं पानं तोंडावर पडलीत! मला वाटलं कोणीतरी हलगर्जीपणा केला! मला त्यांची दया आली! मी रुमाल काढला!"

"कुठला रुमाल?"

"खिशातला! सकाळी त्याने मी नाक पुसलं होतं!"

सुतळी बांधणारे हात थांबले. काका दोन पावलं पुढे आले. "एकच रुमाल? सगळ्या पानांना?"

"एकच! आणि मी शीळ घालत होतो!"

"शीळ!"

"हो! आणि..." हे मी वहिनींनाही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हतो. पण काकांचा चेहरा आता जाळीच्या अगदी जवळ आला होता आणि त्यावर आशा आणि संशय दोन्ही एकदम दिसत होते. "आणि एका पानाशी मी बोललो."

"काय बोललात?"

धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने उडी मारली असती.

"अहो, काय बोललात त्याला?"

"म्हटलं, 'आता कसं, मोकळं वाटतंय ना?'"

त्या जाळीघरात जे हसू फुटलं ते मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही लेखाने फोडलेलं नाही. एक बाई तर रोपाचा आधार धरून खाली बसली. "मोकळं वाटतंय!" ती दुसरीला सांगत होती, "पानाला म्हणे मोकळं वाटतंय!" काका हसत नव्हते. ते डोळे पुसत होते.

"खरंच आहेत की हे," ते वहिनींना म्हणाले. "असे."

"असेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

काकांनी स्वतःच्या हाताने पानं काढली. मी जाळीतून पाहत होतो. एका झाडापाशी ते थांबले, वरच्या फळावर सावली धरलेलं पान चिमटीत घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं आणि खुडलं. ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ती पुडी जाळीच्या पडद्याखालून बाहेर सरकवली. वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली. "सारखाच लाव हं पोरी," काका म्हणाले. "रडूबाईला जेवढा, तेवढाच."

रडूबाई म्हणजे परीक्षेतलं दुसरं एक वाण. ते रोगाला हमखास बळी पडतं, म्हणूनच ते दरवेळी बरोबर ठेवतात. रडूबाई आजारी पडली तर समजायचं, रोग नीट लागला, परीक्षा खरी. ती धडधाकट राहिली तर सगळ्यांचेच निकाल फुकट. मला तिच्याविषयी फार आपुलकी वाटू लागली. दुसऱ्यांचं भलं व्हावं म्हणून जिने नापास व्हायचं, अशी माणसं आमच्याही घराण्यात आहेत. त्यांना बुद्धी मात्र तिच्यापेक्षा कमी.

तो आठवडा माझ्या घरात मी पाहुण्यासारखा वागलो. आईला तोपर्यंत सगळी कथा कळली होती. ती येता-जाता म्हणायची, "ताट पालथं घालू का रे? नको बाबा, तू सरळ करशील." दादा हसायचा आणि वहिनी आत आल्या की थांबायचा. साहेबांनी वहिनींना बोलावून घेतल्याचं मला त्याच्याकडूनच कळलं. फार काही झालं नाही. फक्त त्या खोलीचं कुलूप बदललं, आणि इथून पुढे वहिनींनीसुद्धा कोणाला आत न्यायचं असेल तर आधी विचारायचं, असं ठरलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणाला काही विचारावं लागलं नव्हतं. मी त्यांना एकदा म्हटलं, "वहिनी, मी साहेबांना भेटून माफी मागू का?"

"नको. तुम्ही भेटलात की वाढतं," त्या म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

लेख मी लिहिला नाही. वर्तमानपत्रातून निरोप आला तेव्हा कळवलं, तब्येत बरी नाही. माझ्या घरी रोग लावणारं माणूस आहे हे माहीत असल्याने त्यांनी पुढे चौकशी केली नाही.

निकालाच्या दिवशी काकांनी मला मुद्दाम बोलावलं. "त्यांनाही येऊ दे," ते वहिनींना म्हणाले होते, "त्यांच्यामुळे तर धाकटीला दुसरी संधी मिळाली." हे ऐकून मला किती लाज वाटली ते सांगत नाही. त्या माणसाच्या हिशेबात मी उपकारकर्ता झालो होतो.

वहिनींनी मला खोलीच्या उंबऱ्यावर उभं केलं. मी न सांगता हात पाठीमागे बांधले. काका जाळीघरातलं दिवसाचं काम संपवून आले होते, कारण एकदा इथे आलं की त्या दिवशी परत तिकडे जाता येत नाही. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि केस पाण्याने चापून बसवले होते. मुलीच्या शाळेत निकालाला आलेले वडील जसे बाकाच्या टोकाला बसतात, तसे ते स्टुलाच्या टोकाला टेकले.

वहिनींनी आधी रडूबाईचा डबा उघडला. पानं काळपट, पाणी सुटलेली, कडेने पांढरी लव. "लागलाय," वहिनी म्हणाल्या. म्हणजे परीक्षा खरी होती. काकांनी मान हलवली. मग दुसरं एक जुनं, दणकट वाण. त्यावर थेंबाच्या जागी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके, बाकी पान जसंच्या तसं. रोग दारात आला होता आणि तिथेच मेला होता.

मग धाकटी.

वहिनींनी झाकण उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मी उंबऱ्यावरून मान लांब केली. पानांवर डाग होते. रडूबाईएवढे मोठे नव्हते, पण ठिपकेही नव्हते. ओलसर, तपकिरी, पसरत चाललेले, आणि कडेला ती पांढरी लव. एका पानावर नव्हे. सगळ्या.

काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, वाकून पाहिलं. वहिनींनी भिंग पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्यांचं बोट एका पानाच्या देठाजवळ गेलं आणि तिथेच थांबलं, गालाला लागलं नाही. बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिच्या चाकाचा आवाज दूर गेला.

मग काका सावकाश वळले. वहिनींकडे नाही. माझ्याकडे.

"अहो," ते म्हणाले. आवाज अगदी हलका होता, जणू शेजारच्या घरात कोणी झोपलंय. "या आठवड्यात तुम्ही... चुकून परत आत गेला होतात का हो?"

मला ते आधी कळलं नाही, मग कळलं. हा माणूस माझ्याकडे माझा मूर्खपणा मागत होता. जाळीपलीकडून सगळ्यांसमोर ओरडून मी जो सिद्ध केला होता, तोच. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं? गेलो होतो म्हटलं तर परीक्षा पुन्हा फुकट. मग पुन्हा पानं, पुन्हा थेंब, कदाचित बैठक पुढे ढकलतील, कदाचित धाकटीला आणखी एक वर्ष मिळेल. माझी तर आता इभ्रत अशी राहिलीच नव्हती. तिला आणखी थोडा डाग लागून काय बिघडणार होतं?

"हो," मी म्हणालो. "परवा. दार उघडं दिसलं म्हणून जरा डोकावलो होतो. हात लावला असेन. मला सवयच आहे, काका, तुम्हाला तर माहीत आहे."

काकांच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष सैल झाली. ते स्टुलावरून अर्धे उठले. मला वाटलं, ते मला मिठी मारणार.

वहिनींनी धाकटीच्या डब्यावर झाकण ठेवलं, चारही कोपरे अंगठ्याने दाबले, आणि मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही गेला नव्हतात."